जुनी जीप, नवं इंजिन : निवड कशी करावी?



मागच्या व्याख्यानात आपण ‘प्रयोजन’ या कल्पनेवर बोललो. एखादी वस्तू चांगली की वाईट, हे ती कशासाठी आहे हे ठरल्याशिवाय सांगता येत नाही, असा त्याचा सारांश होता. त्यावर एका तरुण श्रोत्याने स्वतःचाच प्रश्न लिहून पाठवला. घरी आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप आहे, १९७० च्या दशकातली, थ्री-बी. इंजिन निळा धूर टाकतंय, ऑइल खातंय, चढाला दम तोडतंय. एक मेस्त्री म्हणतो डिझेल टाका. दुसरा म्हणतो सीएनजी करा. मित्र म्हणतात, थारचं कॉमन रेल इंजिनच बसव, मग बघ मजा. दोन लाख रुपये साठवलेत. त्यांनी विचारलंय, ‘सर, प्रयोजन वगैरे ठीक आहे, पण यात मी करू काय?’

प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

आम्ही काही मेस्त्री नव्हे. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण कोल्हापुरात राहायचं आणि इंजिनाबद्दल काहीच ठाऊक नाही म्हणायचं, याची सोय नाही. उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं लागली, ती या गावाने स्वतः ओतली, घडवली आणि देशभर विकली. शिवाजी उद्यमनगरातून चक्कर मारली तरी बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ओतकाम, कुठे ना कुठे चालू दिसतं. इथल्या माणसाला इंजिनाचा आवाज कळतो. प्रश्न आवाज कळण्याचा नसून निवड करण्याचा आहे, आणि निवड हा आमचा विषय आहे.

जीप म्हणजे नेमकं काय?

राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. तो नागसेनाकडे रथात बसून आला होता. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? या सगळ्या भागांच्या जुळणीला आपण व्यवहारात ‘रथ’ म्हणतो, एवढंच उत्तर उरतं.

आता बघा, आपला प्रश्न तोच आहे. इंजिन काढलं, गिअर बॉक्स बदलला, आस बदलली, तर उरली ती आजोबांची जीप का? नागसेनाचं उत्तर आपण ऐकलं. आरटीओचं उत्तर मात्र अगदी स्पष्ट असतं : चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. आणि घरातल्या माणसांचं उत्तर आणखी तिसरंच असतं. त्यांच्या लेखी जीप म्हणजे तो आवाज, ती काच खाली पाडायची तऱ्हा, बॉनेटवर बसून काढलेला फोटो.

ही तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. पण नागसेनाच्या उत्तरात मेस्त्रीच्याही कामाची एक गोष्ट आहे. जीप म्हणजे जुळणी. जुळणीतला एक भाग बदलला की बाकीच्या प्रत्येक भागाचं काम बदलतं. इंजिन बदलणं म्हणजे फक्त इंजिन बदलणं, असं कधीच नसतं. आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या.

घरात उभी आहे ती कोण?

आधी तिची ओळख करून घेऊ. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-थ्री-बी हे मॉडेल इथेच बनू लागलं आणि दीर्घकाळ बनत राहिलं. तिचं पेट्रोल इंजिन ‘हरिकेन’ नावाचं. चार सिलिंडर, सुमारे २,२०० सीसी. त्याची रचना जरा निराळी आहे. आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. ताकद सत्तरेक अश्वशक्ती. कॉम्प्रेशन रेशो सातच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने फारच कमी. त्यामुळे ते हलक्या पेट्रोलवरही कुरकुर न करता चालायचं.

मग डिझेलचा काळ आला. महिंद्रचा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी ट्रॅक्टरसाठी करार होता. त्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. त्याच वंशातलं पुढचं एमडीआय इंजिन २,५२३ सीसीचं. १९८० च्या दशकात फ्रेंच प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं, ते इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे नव्वद मिलिमीटर बोअर. २,११२ सीसी. एमएम ५४० जीप आठवत असेल, तिच्यात हे असायचं. मारुतीची जिप्सी १९८५ ची, ती पेट्रोलवालीच राहिली : आधी ९७० सीसी, मग १९९६ पासून १,३०० सीसी.

आपल्याकडे वडाप करणाऱ्या जीपा आठवा. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड. आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर पोती. त्यातल्या कितीतरी जन्माने पेट्रोल आणि कर्माने डिझेल होत्या. म्हणजे इंजिन बदलण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच. पण ती परंपरा ज्या कारणांनी सुरू झाली, ती कारणं आज शिल्लक आहेत का, हे कुणी तपासत नाही.

डिझेलला ताकद जास्त, हे कितपत खरं?

गॅरेजमध्ये हे वाक्य गृहीत धरलेलं असतं. पण आकडे बघू. थ्री-बीच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. प्यूजोच्या २,११२ सीसी डिझेलचा सव्वाशेच्या आसपास. म्हणजे साधं, टर्बो नसलेलं ते डिझेल पेट्रोलपेक्षा कमीच जोर देतं.

असं का? इंजिनाचा जोर ते एका घोटात किती हवा घेतं आणि त्या हवेतला किती भाग जाळतं यावर ठरतो. पेट्रोल इंजिन घेतलेली जवळजवळ सगळी हवा वापरतं. डिझेलमध्ये इंधन फवारलं जातं, ते हवेत पूर्ण मिसळायला वेळ मिळत नाही. म्हणून काळा धूर टाळायचा तर थोडी हवा न वापरता सोडावी लागते. सारख्याच मापाच्या इंजिनात साधं डिझेल त्यामुळे मागे पडतं. टर्बो आल्यावर चित्र पालटलं, कारण टर्बो हवाच जास्त कोंबतो.

मग डिझेलवाले खोटं बोलत होते का? नाही. त्यांना दोन गोष्टी खऱ्याच जाणवत होत्या. एक, कमी फेऱ्यांवर डिझेल इंजिन बंद न पडता रेटत राहतं. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, ते तेल कमी पितं. डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो विसाच्या वर, थ्री-बीचा सात. कॉम्प्रेशन जितकं जास्त तितकं जळलेल्या इंधनातून काम जास्त निघतं. शिवाय निम्म्या भारावर पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल अर्धी बंद ठेवून हवा ओढावी लागते. त्यातही शक्ती वाया जाते. डिझेलला ती अडचण नाही. म्हणजे फायदा होता तो खर्चाचा, आणि आपण त्याला ‘ताकद’ असं नाव दिलं. नाव चुकलं की निर्णय चुकतो.

हिशेब मांडून बघा

मग खर्चाचाच हिशेब करू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपले घाला. पेट्रोल १०५ रुपये लिटर, जीप देते सात किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. डिझेल ९२ रुपये, जीप देते अकरा. म्हणजे किलोमीटरला साधारण ८ रुपये ४० पैसे. वाचले ६ रुपये ६० पैसे. इंजिन, बसवणं, रेडिएटर, क्लच, वायरिंग, कागदपत्रं धरून दीड लाख खर्च झाला, तर तो भरून निघायला सुमारे २२,७०० किलोमीटर चालवावं लागेल.

वडापवाला एवढं अंतर वर्षभरात कापायचा. त्याने डिझेल टाकलं ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यात तेव्हा डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि तो पेट्रोलपेक्षा बराच कमी ठेवलेला असायचा. २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. भावातली ती मोठी दरी गेली. आणि आपले श्रोते? ते सांगतात, जीप महिन्यातून दोनदा निघते. पन्हाळा, दाजीपूर, क्वचित आंबोली. वर्षाला दोन हजार किलोमीटर. म्हणजे दीड लाख वसूल व्हायला अकरा वर्षं.

म्हणजे एकच इंजिन, एकच गाडी. एकाच्या हातात तो शहाणपणाचा निर्णय, दुसऱ्याच्या हातात हौस. हौस करू नये असं आम्ही म्हणत नाही. हौसेला हौस म्हणावं, बचत म्हणू नये, एवढंच.

साखळीतली कच्ची कडी

आता जुळणीकडे वळू. थ्री-बीच्या डिफ्रन्शियलचा रेशो ५.३८. म्हणजे चाक एकदा फिरायला मागचा शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. जुन्या सोळा इंची टायरचा घेर साधारण २.२ मीटर. टॉप गिअरला पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांवर नेलं तर वेग येतो ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास. त्याच जागी ३,२०० फेऱ्यांपलीकडे न जाणारं ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल बसवलं, तर वेग अठ्ठ्याहत्तरवर संपतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर मागून ट्रक हॉर्न वाजवतोय आणि आपलं इंजिन ओरडतंय, असा प्रकार होतो.

मग मेस्त्री म्हणतो, क्राऊन-पिनियन बदलू, साडेचारचा रेशो घालू. वेग वाढला, नव्वदीच्या पुढे गेला. पण जीप घेतली कशाला? आडरानात चालवायला. पहिला गिअर सुमारे २.८, लो रेंज सुमारे २.५, डिफ्रन्शियल ५.३८. तिन्हींचा गुणाकार सदतीस-अडतीस. इंजिन ८०० फेऱ्यांवर रेंगाळत असेल तर जीप ताशी तीन किलोमीटरपेक्षाही हळू, माणसाच्या चालीपेक्षा सावकाश, दगडावरून उतरते. साडेचार घातल्यावर गुणाकार एकतीस-बत्तीसवर येतो. महामार्गावर जे कमावलं ते दगडात गमावलं. फुकट काहीच नसतं.

आता मित्रांनी सुचवलेलं कॉमन रेल इंजिन बघू. २०१० च्या थारमधलं सीआरडीई घेतलं तर १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर. मूळ १५५ च्या दीडपटीहून जास्त. हा जोर लो रेंजला पहिल्या गिअरमध्ये सदतीस पटीने वाढून आसाकडे जातो. मूळ इंजिनाच्या हिशेबाने बनवलेला तीन गिअरचा बॉक्स, जॉइंट, आसाचे शाफ्ट, यांतलं जे सगळ्यात कच्चं असेल ते आधी तुटणार. कुठे तुटणार? घरापुढे तुटत नाही. चिखलात चाक अडकलेलं असतं, पूर्ण जोर दिलेला असतो, तिथे तुटतं.

आणि तुटण्यापेक्षा मोठी गोष्ट थांबण्याची. थ्री-बीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही पायाच्या जोरावर चालणारे, बूस्टर नाही. ते साठ-सत्तरच्या वेगासाठी होते. नवं इंजिन तिला सहज शंभरवर नेतं. वेग दीडपट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. ती सगळी त्याच ड्रममध्ये उष्णता होऊन जिरायची आहे. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना हा हिशेब कागदावर राहत नाही. आणखी एक. ज्या पेट्रोल गाड्यांना व्हॅक्युमवर चालणारा बूस्टर असतो, त्यांना तो व्हॅक्युम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलमध्ये तो मिळत नाही, वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. हे विसरून इंजिन बदललं तर ब्रेक दगडासारखा कडक होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पाटे आणि चाकं, मग रेडिएटर, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. गाडीला जेवढं थांबता येतं, त्यापेक्षा जास्त पळायचा तिला अधिकार नाही.

इंधन बदलायचं तर

सीएनजीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. स्वस्त आहे, स्वच्छ जळतो. पण थ्री-बीसारख्या इंजिनात तीन अडचणी आहेत. गॅस सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, म्हणून ताकद दहा टक्के किंवा अधिक घटते. गॅसचा ऑक्टेन आकडा मोठा, म्हणजे तो जास्त कॉम्प्रेशन सहन करतो. पण आपलं कॉम्प्रेशन सातच, मग तो गुण वायाच जातो. आणि साठ लिटरची लोखंडी टाकी स्वतःच साठेक किलोची, तीत गॅस मावतो दहाएक किलो. ती ठेवायची कुठे? थ्री-बीला डिकी नाही. मागच्या बाकांमध्ये ठेवली तर माणसं कुठे बसणार? शिवाय व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या नसतील तर कोरड्या गॅसवर त्या लवकर झिजतात. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तो खर्च वेगळा.

एलपीजीचं अधिकृत किट निघतं, त्याला नियम आहेत. पण घरगुती लाल सिलिंडर मागे ठेवून नळी जोडायची, हा प्रकार बेकायदेशीर आहे आणि जिवाशी खेळ आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, वर उडून जात नाही.

डिझेल इंजिन सीएनजीवर न्यायचं म्हणाल तर त्याला ठिणगी लागते. म्हणजे नोझलच्या जागी प्लग, कॉम्प्रेशन कमी करणं, नवी इग्निशन. ते इंजिन पुन्हा बांधणंच झालं. एका जीपसाठी तो उद्योग परवडत नाही.

आणि एक इंधनबदल असा आहे जो तुम्ही न मागता झालेला आहे. इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि आता ते सर्रास मिळतं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल करतात, म्हणजे आपल्याच उसाचा अंश आपल्याच टाकीत. अभिमान वाटायला हरकत नाही, पण जुन्या जीपला त्याची सवय नाही. लिटरमागे पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते, तेवढं एव्हरेज कमी होणार. कार्बोरेटरला हे आपोआप कळत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम चालतं, जेट किंचित मोठा करावा लागतो. जुनी रबरी नळी, पंपाचा पडदा, गास्केट इथेनॉलने फुगतात, चिरतात. आणि इथेनॉल पाणी ओढतं. गगनबावड्याच्या पावसात चार महिने अर्ध्या टाकीने उभी राहिलेली जीप घ्या. पाणी पुरेसं साचलं की इथेनॉल आणि पाणी खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि टाकी आतून गंजते. उपाय स्वस्त आहेत. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे घाला, फिल्टर घाला, पावसाळ्यात टाकी एकतर भरलेली ठेवा नाहीतर रिकामी करून कोरडी ठेवा. दोन लाखांच्या चर्चेत ही काही हजारांची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि जीप बहुतेक वेळा हिच्यामुळेच रस्त्यात उभी राहते.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. त्याचा गाभा असा की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गॅसचं किट किंवा इंजिनबदल यांना परवानगीची वाट आहे, पण ती ठरवलेल्या अटींमधूनच जाते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलांना धक्का देणाऱ्या बदलांविरुद्ध स्पष्ट निकाल दिला. म्हणून काम काढण्यापूर्वी आरटीओकडे जा. काम झाल्यावर गेलात तर ‘आधी का नाही आलात’ हाच पहिला प्रश्न असणार.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. इंजिन नंबर जुळला नाही तर तिथे अडकता. आणि भंगारातून इंजिन घेताना त्याची पावती, मूळ गाडीचे कागद घ्याच. ते इंजिन चोरीचं निघालं तर एमएच-०९ ची पाटी काही वाचवणार नाही.

पण आम्हाला यापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. नोंद न केलेल्या बदलावरून विमा कंपनी वाद घालू शकते. समजा घाटात कुणाला धडक बसली, एखाद्याचा कर्ता माणूस गेला. भरपाईवरून वाद पडला तर ते ओझं तुमच्या घरावर येतं, आणि त्या दुसऱ्या घराला वेळेवर काही मिळत नाही. कलम ५२ कडे सरकारी कटकट म्हणून न बघता अनोळखी माणसाशी असलेलं आपलं कर्तव्य म्हणून बघावं.

मग आमचं मत काय?

त्या श्रोत्याने आधी इंजिनाची नाडी बघावी. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा आणि बोअर गेलेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. पाच मिनिटांची ही तपासणी न करता ‘इंजिन गेलं’ म्हणणं म्हणजे नाडी न बघता रोग्याला मृत ठरवणं.

बोअर गेला असेल तर वीस, चाळीस किंवा साठ थाऊ, म्हणजे इंचाचा तेवढ्या हजारावा भाग, मोठं बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो. तेही संपलं असेल तर स्लीव्ह ठोकता येते. क्रँक ग्राइंड होतो. हे सगळं करणारे हात याच गावात आहेत. इंजिन बांधून झालं की उरलेल्या पैशांत ब्रेक, पाटे, स्टिअरिंग, वायरिंग. कागद जसेच्या तसे. आमच्या मते वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या, घरच्या आठवणीच्या जीपसाठी हीच निवड योग्य आहे.

रोज शेतावर दुधाचे कॅन आणि खताची पोती नेणारी जीप असेल, वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर पडत असतील, तर उत्तर बदलतं. तिथे त्याच कंपनीच्या त्याच पिढीतलं साधं डिझेल, परवानगी घेऊन, बरोबरच्या गिअर बॉक्ससकट. सुटे भाग तालुक्याला मिळतात, वायरिंग नाही, गावचा फिटर दुरुस्त करतो. आणि ज्याला कॉमन रेलची ताकदच हवी आहे, त्याने सरळ तशी गाडी घ्यावी. तिचा बॉक्स, आस, ब्रेक त्या ताकदीच्या हिशेबाने बनलेले असतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : पुराच्या पाण्यातून जायला डिझेल बरं ना?*

अंशतः. जुन्या पंपाच्या डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर भिजून गाडी बंद पडत नाही. पण पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये वर जागाच थोडी, म्हणून धोका जास्त. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडे कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. नोझल किंवा प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी काढायचं, सगळी ऑइलं बदलायची. आणि वाहत्या पाण्यात जीप घालायचीच नाही. त्यावर कुठलंही इंजिन उपाय नाही.

*प्रश्न : मेस्त्री ऐकत नाही, तो डिझेलच म्हणतो. काय करायचं?*

मेस्त्रीचा अनुभव खरा असतो, पण तो अनुभव बहुधा धंद्याच्या गाड्यांवरचा असतो. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला फक्त वर्षाचे किलोमीटर सांगा आणि विचारा, ‘मामा, या गाडीत तुमची पोरं बसणार असती तर तुम्ही पहिलं काम कशाचं काढलं असतं?’ चांगला मेस्त्री ब्रेककडे बोट दाखवतो.

*प्रश्न : जुनं इंजिन काढलंच, तर त्याचं काय करावं?*

भंगारात घालू नका. ऑइल भरून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी ठेवा. त्याच्यावर नंबर आहे आणि तो तुमच्या कागदावर आहे. पुढच्या पिढीला मागे फिरायचं असेल तर वाट शिल्लक असावी. जो बदल उलटा फिरवता येतो तो आधी करावा, जो येत नाही तो शेवटी. चेसिस कापणं तर त्याहूनही शेवटी.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी न्यायदर्शनातल्या अवयव आणि अवयवी या वादाकडे वळू. आज रथ सुटा करून पाहिला, तेव्हा तो पुन्हा एक कसा होतो हे पाहू.